दाण्याचं तेल

टोलीडोच्या फार्मसीत मार्सेलानं विचारलं,
"शेंगदाण्याची ॲलर्जी?"
मला हसूच फुटलं.
अगं बाई, उभ्या जन्मात कूट घालतेय,
काकडीत, खिचडीत, भांडणातसुद्धा.
ती हसली नाही.
कॅप्सूल दाण्याच्या तेलात असते, म्हणाली.
झोपतानाच घ्या. गुंगी येईल,
मग गाडीला हात लावू नका.
एखादा दिवस चुकला तर दोन एकदम नकोत.
आणि पोटरी सुजली, छातीत दुखलं,
तर सकाळची वाट बघायची नाही.

दहाला किल्ल्या खुंटीवर.
बाहेर कुणीतरी काचेवरचा बर्फ खरवडतंय.
एक घोट पाणी, तो गुळगुळीत मणी.

आईला कुणी काही विचारलंच नव्हतं.
ती नुसती रात्रभर खिडकीशी
पदरानं वारा घेत बसायची.
आम्ही म्हणायचो, उकडतंय तिला.