खरीप, खरीफ

रुवीच्या गल्लीत, सराफाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझं टेबल.
काचेखाली सलालाहचा नकाशा,
त्यावर चहाचं एक वर्तुळ, नेमकं हैमाच्या वाळवंटात.
जून लागला की लोक जिना चढून येतात
आणि पाऊस मागतात.

बाहेर सेहेचाळीस.
गार पाण्याचा नळ सोडला तरी बोटं भाजतात.

खरीफ, म्हणतात ते.
त्यांचा फ ओठांतून निसटतो, वाफेसारखा.
आमचा प म्हणायला ओठ मिटावे लागतात:
तूर, उडीद, तलाठ्याच्या वहीतला रकाना.
शब्द एकच. घोड्यांबरोबर आला असेल, नाहीतर गलबतातून,
आमच्याकडे उतरला आणि कुणीतरी त्याला औताला जुंपलं.
इथे तो अजून सुटीवर आहे.

साहमच्या मुनीराबाई विचारतात, धुकं केवढ्याला?
म्हणजे धुक्याकडे उघडणारी खिडकी.
रात्रीला वीस रियाल जास्त, मी सांगते.
सोहारचे बेडेकर विचारतात, आंबोलीइतकं आहे का हो?
मग आंबोलीलाच का जाऊ नये?
मी चौघांच्या विमानभाड्याचा आकडा त्यांच्याकडे वळवते.
ते चष्मा पुसतात.
शेजारच्या टेबलावरची शीजी, पत्तनमतिट्टाची,
गालातल्या गालात हसते:
आमच्याकडे याला पाऊस नाही, दमट हवा म्हणतात.

मी खोटं विकत नाही.
कोसळत नाही तो, आधीच सांगते. छत्री नेऊ नका.
नुसता भुरभुरतो. भुवया भिजतात, सदरा नाही.
जुलै लागताच गेलात तर डोंगर अजून तपकिरीच.
ऑगस्टात हिरवळीवर चटया, चटयांवर भाताची पातेली,
आणि गाडी लावायला जागा शोधत दुपार.
सप्टेंबर उजाडताना जा. धुकं विरतं, दरबातचं पाणी उरतं.
गायी रस्त्यात बसतात, हॉर्न वाजवू नका, त्यांचाच रस्ता आहे.
मुघसैलला समुद्र खडकाच्या भोकांतून उडतो,
चष्मा खिशात ठेवा.

हे सगळं ऐकीव.
अकरा खरीफ झाले, मी गेलेली नाही.
हाच आमचा हंगाम. हलवायाला दिवाळीत कोण रजा देतं?

आदमचा खल्फान आला तो जुलैअखेर.
पाण्याचा टँकर त्याचा, बांधकामांवर पाणी पोचवतो.
हॉटेल नको, म्हणाला. गाडीत झोपेन.
फक्त अशी जागा सांग जिथे वायपर लावावाच लागेल, न थांबता, तासभर.
नऊ वर्षं झाली गाडी घेऊन, माझा वायपर धूळच पुसतोय.

यावर कमिशन काही नव्हतं.
मी नकाशावर बोट फिरवलं, बराच वेळ.
इत्तीनची चढण, म्हटलं. पहाटे. दिवे लावून.

सप्टेंबरात परत आला, हातात पावती.
मला वाटलं तक्रार.
दंड झाला होता, गाडी अस्वच्छ म्हणून.
खोलीपेक्षा स्वस्त पडला, म्हणाला, आणि: खाली ये, बघ.

सराफाच्या दारात उभी होती ती,
दरवाज्यांच्या मुठींपर्यंत चिखल, सुकून भेगाळलेला,
मडगार्डला गवताची एक काडी, अजून थोडी हिरवी.
वायपर? मी विचारलं.
एक तास वीस मिनिटं.
मग मीच बंद केला. काच भरू दिली.

मी नखाने जरासं खरवडलं.
आमच्यासारखी काळी नव्हती माती, विटकरी होती,
पण नखात तशीच बसली.

वर फोन वाजत होता. शीजी जिन्यातून ओरडत होती,
हंगाम संपला, आता जॉर्जियाचे कागद काढ.

त्या दुपारी दहीभात
मी चमच्याने खाल्ला.