अर्धा पाय

उद्यमनगरात लेथच्या ओळीच्या टोकाला
दस्तगीर शिकलगार गाडी आधी बघत नाही,
हुंगतो.
काहिलीच्या बुडाला लागलेल्या गुळाचा वास,
त्यातली गोडी वजा करायची,
उरतो तो जळक्या क्लचचा.

रंगराव खोताचा टेम्पो, अकरा महिन्यांत तिसरी प्लेट.
शाहूपुरीतनं गूळ भरायचा,
गगनबावड्यावरनं खाली वैभववाडीला टाकायचा,
येताना जांभा, नाहीतर रिकामा.
"कंपनीच लबाड हाय," तो म्हणाला,
आणि चहाचा ग्लास बॉनेटवर आपटला.

मी एकोणीस वर्षांचा, पॉलिटेक्निक अर्धं सोडलेला,
गाडीखाली सतरा नंबरचा पाना सरकवणारा.
पहिल्याच दिवशी दस्तगीरमामूनं मला
डब्याच्या दोन झाकणांत भाकरी धरून दाखवली होती:
हे फिरतं, ते थांबलेलं,
मधली भाकरी म्हणजे प्लेट.
फिरत्याला थांबलेल्याशी भिडवायचं तर एकदम नाही,
थोडं घासू दे, ओळख होऊ दे,
मग गच्च.
"आणि ध्यानात ठेव,
पाय दाबला की सुटतं, सोडला की धरतं.
धरायचं काम स्प्रिंगचं. पायाचं न्हवं."
भाकरी नंतर त्यानंच खाल्ली.

गिअरबॉक्स जॅकवर घेऊन आम्ही उतरवला.
तेल सोडलं तर परातीत
पट्टणकोडोलीचा भंडारा सांडल्यागत पिवळी चमक:
दुसऱ्या गिअरची पितळी रिंग,
दातांच्या भांडणात मध्ये पडून पडून झिजलेली.
बेअरिंग कोरडं, बोटानं फिरवलं तर
आजारी मांजरासारखं ओरडलं.
प्लेटचं लायनिंग रिबिटांपर्यंत गेलेलं,
फ्लायव्हीलवर निळे डाग,
मुका मार बसल्यावर उठतात तसे.

दस्तगीरमामूनं प्लेट हातात घेतली,
उजेडाकडं धरली, बराच वेळ.
मला वाटलं आता शिव्या.
"रंगराव," तो म्हणाला,
"गाडी कधी मागं आलती का, चढाला?"

समोरच्या फाउंड्रीत कुणीतरी घण मारत होतं.
चार घाव झाले.
मग रंगराव बोलला, ग्लासाकडं बघत:
करूळचा घाट, रात्रीचे दोन, वर जांभा भरलेला,
धाकटा भाऊ चाकाखाली दगड लावायला उतरलेला.
क्लच सोडायला आणि इंजिन बंद पडायला एकच गाठ.
भाऊ वाचला. वजनकाट्यावर बसतो आता,
बसूनच असतो.

तेव्हापासनं डावा पाय पेडलवरनं उठला नव्हता.
सपाटीला, सिग्नलला, कावळा नाक्यावर सुद्धा
अर्धा दाबलेला, अर्धा सोडलेला.
ना धरलं, ना सुटलं,
दोन्हींच्या मधी नुसतं जळत राहिलेलं.

बिलात मामूनं यातलं काही लिहिलं नाही.
प्लेट, बेअरिंग, रिंग, तेल, मजुरी.
फ्लायव्हीलला लेथवर हलका हात.

ट्रायलला वाघबीळच्या चढावर नेली गाडी,
मधोमध थांबवली.
"चप्पल काढ," मामू म्हणाला. "पाय हितं, पत्र्यावर ठेव.
हँडब्रेक हाय की. त्याला पगार देतोय आपण."
आणि मला खिडकीतनं: "तू उतर. दगड घे."

मी मागच्या चाकाशी उभा राहिलो,
पाचेक किलोचा काळा दगड पोटाशी धरून.
इंजिनाचा आवाज वाढला,
मग किंचित दबला, प्लेट भिडताना दबतो तसा.
गाडी वीतभर मागं आली.
मी डोळे मिटले, हे आज सांगतो.

उघडले तेव्हा टेम्पो वळणावर होता,
दुसरा गिअर कुरकुर न करता पडला होता,
वास कसलाच नव्हता, फक्त उन्हातल्या गवताचा.
मला घ्यायला थांबायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

निम्मा चढ मी तो दगड हातात घेऊन चालत गेलो.
कुठं टाकावा ते कळेना.