कावळा

मुख्याध्यापक म्हणाले, शब्द जरा सांभाळून, सिस्टर,
आणि खिडक्या लावून घेतल्या
जणू तो धडा उडून रस्त्यावर पडेल.

नववी ब. गोवंडी, पालिकेची शाळा, तिसरा मजला.
चपलांच्या खोक्याला मी चीर पाडून आणली होती.
म्हटलं, नाव नको, नुसता प्रश्न टाका.
पुस्तकातलं ते प्रकरण सरांनी 'घरी वाचा'वर भागवलेलं.
काहींची तर पानंच डिंकाने चिकटवलेली.
कुणी, ते विचारलं नाही.

चिठ्ठ्या निघाल्या एकेचाळीस.
'आवाज फाटलाय. परत शिवता येतो का?'
'लोणचं नासतं, मग फ्रीज कसा नासत नाही?'
'मुलींना वेगळं बसवून काय सांगता? आम्ही ऐकलं तर काय बिघडेल?'
'मी मुलगा आहे, तरी छातीत गाठ लागते. मरणार का?'
(नाही रे. या वयात होतं, बहुधा आपोआप जातं.
तरी दवाखान्यात ये. सोमवारी मी असते.)
'आई म्हणते, कावळा शिवला.
डम्पिंगवर एवढे कावळे आहेत, त्यातला कुठला?'

हसले सगळे. मीही.
मग फळ्यावर गर्भाशय काढलं.
मागच्या बाकावरून आवाज आला, हे तर बकऱ्याचं तोंड!
म्हटलं, बरोबर. आता शिंगांची नावं लिहून घ्या.

तळाला एक चिठ्ठी उरली होती.
'सिस्टर, तुम्हाला कुणी सांगितलं?'

याची तयारी नव्हती.
काळाचौकी, मे महिना, मामीचं घर.
मामीने जुन्या परकराचं फडकं दिलं,
म्हणाली, आता पोरांत खेळायचं नाही.
एवढंच.
मला वाटलं कॅन्सर झाला.
चार रात्री देवाला विनवत होते, आईला कळू देऊ नकोस.
हे मी वर्गाला सांगितलं,
सांभाळून ठेवलेले शब्द तिथेच सांडले.
यावेळी कुणी हसलं नाही.

जिन्यात ढवळे शिपाई उभे होते,
तासभर दाराबाहेरचं स्टूल न हलवलेले.
म्हणाले, पोरगी अकराची झाली. आई नाही तिला.
काय बोलायचं ते लिहून द्या ना.
अक्षर मोठं काढा, चष्मा घरी राहिलाय.

खोक्याचं झाकण फाडलं, पायरीवरच बसले.
पहिली ओळ लिहिली, 'घाबरू नका.'
मग खाली, 'घाबरू नकोस.'
दोन्ही राहू दिल्या.