हातचा

केमीत समुद्र गोठला की रात्रपाळी लांबते.
घड्याळात ती तेवढीच असते,
पण खिडकीला ते कुणी सांगितलेलं नसतं.

खोली सहा, ताइमी कुओस्मानेन,
काल एकोणनव्वद पूर्ण.
केकवर मेणाचे आकडे, आठ आणि नऊ,
कुणीतरी उलटे खोचले: ९८.
सगळे हसले.
तिने बेरीज केली.

एकशे सत्त्याऐंशी.
मग तीही उलटी करून तिच्यातच मिळवली.
"थांबायचं कधी?"
"दोन्हीकडून सारखं वाचता येईल तेव्हा."

लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं वह्या लिहिल्या तिने.
त्याआधी फळ्या रचायची;
उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली.
म्हणून हातचा डाव्या हातावर धरते,
बोट मिटून, घट्ट,
कुणी हिसकावून नेईल असा.

सगळा घोळ हातच्याचा.
तो नसता तर कुठलीही संख्या
आपल्या उलट्याला भेटताच जुळली असती,
पहिल्याच भेटीत.

दहाव्या पायरीला ८८७२६८८.
जवळजवळ!
मधल्या सात आणि सहाचं पटलं नाही.

मी म्हणालो, काही संख्या म्हणे जुळतच नाहीत,
एकशे शहाण्णव घ्या,
यंत्रं थकली, शेवट कुणाला सापडला नाही.
"बरं झालं," ती म्हणाली,
"तेवढं माझं वय नाही."

तेराव्या पायरीला एक बोट लवकर उघडलं.
एक सोडून एक अंक मिळवून तिने ताळा घेतला:
अकराने भाग जाईना.
अकरा पहिल्याच बेरजेत आत शिरला होता,
८९ आणि ९८ च्या मधून,
आणि एकदा शिरला की तो उतरत नाही.
उतरला, म्हणजे चूक आपली.
खोडलं नाही तिने. एकच रेघ मारली वरून,
खालचं वाचता येईल अशी.
गिरणीतला नियम.

पहाटे चारला बर्फफोड्या जहाजाचा दिवा
भिंतीवरून सरकत गेला.
तेविसावी बेरीज, आणि खाली ती उलटी:

१८०१२००००२१०७
७०१२००००२१०८१

सात नि एक आठ. शून्य नि आठ आठ.
ती पुढे सरकत राहिली
आणि बोट मिटायची वेळच आली नाही,
तेरा घरं, एकाही घरी नाही.

८८१३२०००२३१८८

पहिला, तिसरा, पाचवा... बावीस.
दुसरा, चौथा, सहावा... बावीस.
जमा बावीस, नावे बावीस.
मिळून चव्वेचाळीस,
आणि चव्वेचाळिसाने पुन्हा भागही जातो;
हे तिने दोनदा करून पाहिलं,
विश्वास नव्हता म्हणून नाही,
बरं वाटलं म्हणून.

खाली दोन रेघा, वर्षअखेरीला मारतात तशा.
मग डावा हात उघडून पाहिला.
बराच वेळ.

"कॉफी टाक," म्हणाली,
"आणि तो केक उरलाय का बघ.
नऊ मला नको. आठ दे."