गिऱ्हाईक नसलेला निळा

एकतीस वर्षं मी रबाळ्याच्या कारखान्यात
रंग जुळवले.
गिऱ्हाईक बोटभर चिंधी पाठवायचं पाकिटात घालून,
हाच निळा हवा.
मी उत्तरेच्या खिडकीशी जायचो.
उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही,
हे म्हाताऱ्या सोराबजींनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं.
त्यांची चिंधी, माझा तुकडा शेजारी धरून
डोळे अर्धे मिटायचे
आणि सांगायचं, लाल कणभर जास्त झालाय.
पुढे यंत्र आलं. पोरं म्हणायची,
यंत्रसुद्धा आधी तुमच्या तोंडाकडे बघतं.

देव मानत नव्हतो असं नाही.
मानायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते उमगत नव्हतं.
कुमुदिनी देव्हाऱ्यातली फुलं बदलायची.
मी म्हणायचो, कालची जास्वंद नि आजची,
लॉट वेगळे आहेत.
ती हसायची नाही.

शेवटच्या वर्षी माझे निळे परत येऊ लागले.
एक तिरुपूरहून, दोन लुधियानाहून,
शेरा एकच: हिरवट.
मला तर तंतोतंत दिसत होते.
मी संशय घेतला पाण्यावर, मिठावर,
समोर उठलेल्या काचेच्या इमारतीवर,
रात्रपाळीच्या पोरावर, ज्याने बिचाऱ्याने काही केलं नव्हतं.
निरोपाला घड्याळ मिळालं.
तबकडी निळी होती म्हणे.

मोतीबिंदू, म्हणाली ऐरोलीची डॉक्टरीण.
काका, तुम्ही कित्येक वर्षं
चहाच्या पेल्यातून बघताय.

पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी
हसुराम मढवी, आमच्या बॉयलरवरचा,
मला दिव्याच्या धक्क्यावर घेऊन गेला.
ओहोटी होती.
रोहित उठले, हजारभर, गुलाबी,
आणि पुलाकडे तोंड करून उभी माणसं
फोन उंचावून आ वासून राहिली.
मीही बघितले. छान होते.
पण हसुराम पोटरीभर चिखलात वाकला होता
आणि परत आला तेव्हा
त्याच्या ओंजळीत एक निवटा होता,
बेडूक व्हायचं की मासा, न ठरलेला,
डोळे टाळूवर,
अंग खाडीच्या चिखलासारखं, चिखलाचंच.
आणि त्या अंगावर
मोहरीएवढे ठिपके.
निळे.

मी त्याला उत्तरेकडे फिरवलं.
सवय.
डोळे अर्धे मिटले.
कणभर कमी नाही. कणभर जास्त नाही.
असा निळा मी आयुष्यभर कालवला
आणि दर वेळी बादलीतून निसटला.
कुणी मागवला होता हा?
कुठल्या पेठेतून आली होती चिंधी?
चिखलात राहायचं, चिखलात मरायचं,
बघणार कोण, तर शेजारच्या बिळातली निवटी,
नाहीतर बगळा, तोही गिळण्यापुरता.

आणि याच खाडीत आमचा नाला येतो.
सोमवारी जांभळा, गुरुवारी पिवळा.
नाल्यावरून वार ओळखायचो आम्ही,
हसायचो.
मी टाकून दिलेल्या सगळ्या चुका
याच चिखलात मुरल्या आहेत,
आणि त्यांच्यात मांडी घालून कुणीतरी
एकेक ठिपका बरोबर लावत बसलंय.
त्याचा एकही परत आलेला नाही.

देवा, मी म्हणालो. मोठ्याने, बहुतेक.
"कनचा द्येव," हसुराम म्हणाला,
"निवटा हाय तो. दोन ने कालवनाला."
मी सोडून दिला.
तो चिखलावर तीन उड्या मारून
चिखल झाला.
हसुराम दिवसभर माझ्यावर चिडलेला.

घरी आलो तेव्हा कुमुदिनी
देव्हाऱ्यात गोकर्ण वाहत होती.
थांब, मी म्हटलं, ते फूल इकडे आण,
खिडकीशी. जरा तिरकं.
हातातली घंटा खाली ठेवून ती आली,
फूल धरलं उजेडात.

बराच वेळ गेला.
हात दुखला असेल तिचा.
पण काय बघताय, असं तिने विचारलं नाही.