पहिला धडा

व्याख्या नंतर, म्हणालो.
आधी छत्रीबागेच्या कोपऱ्यावर जा,
पोह्यांच्या टपरीसमोर, सकाळी सहा ते सात,
नुसते उभे राहा.
खायचं नाही. कुणाला काही विचारायचं नाही.
दिसेल ते लिहायचं, वाटेल ते नाही.

चौतीस वह्या आल्या.
रामबागेतल्या घरी, गॅलरीत, चहा गार होईतो वाचत बसलो.

एकाने मोजलं होतं, वरून जिरावण मागणारे किती.
एकाने सरळ निबंधच लिहिला,
आपली संस्कृती कशी प्राचीन आहे यावर,
त्यात पोहे कुठंच नव्हते.
शगुफ्ता मन्सूरीने खाली टीप जोडली होती:
पावणेसातपर्यंत बाई एकही नाही, मी सोडून,
आणि मी होते म्हणून दोघं जण
प्लेट घेऊन पलीकडे सरकले.
म्हणजे मी जे पाहिलं
ते मी नसते तर निराळं असतं का, सर?

(या एका प्रश्नासाठी तिसऱ्या वर्षाला
अख्खा पेपर आहे.
तिला अजून सांगितलेलं नाही.)

हेमराज पाटीदार सांवेरहून येतो, पहिल्या बसने.
त्याची वही कोरी म्हणावी अशी.
पेन्सिलीने एकच ओळ:
काही झालं नाही. सगळं रोजच्यासारखं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेवढंच लिहिलं.
रोजच्यासारखं.
म्हटलं, हा आपला विषय.
राजे गेले इतिहासाकडे, नद्या भूगोलाकडे,
उरलंसुरलं आपल्या पदरात पडलं:
टपरीवाला कुणाला 'भिया' म्हणतो, कुणाला 'ओय',
बाक रिकामा असताना कचरागाडीवरचा माणूस
कागदावरचे पोहे घेऊन
विजेच्या खांबापाशी का जातो,
तिकडे जा असं त्याला कुणी सांगितलं,
आणि कुणीच सांगितलं नसेल
तर त्याला कळलं कसं.

वर्ग गप्प. पंख्याचा तेवढा खडखडाट.
जमलं, मला वाटलं.
बावीस वर्षांत असं जमलेले तास
एका हाताच्या बोटांवर.

तेव्हा मागच्या बाकावरून ललिता करोसिया उठली.
सर, माझी वही द्यायची राहिली.
टपरीवर मला सगळे ओळखतात, म्हणाली,
पप्पांची गाडी तिथंच उभी असते.
म्हणून मी दुसरी जागा घेतली.

जागा: खोली क्रमांक नऊ.
वेळ: अकरा ते बारा, हजेरी.
सर नाव विचारतात.
नुसतं नाव सांगितलं की म्हणतात, पूर्ण सांगा.
मग काहींपाशी थांबतात.
टिळेकर: हसले. मराठीत विचारलं, इथलेच का तुम्ही?
व्यास: मान हलवली.
मन्सूरी: दोनदा विचारलं, पहिल्यांदा ऐकू आलं होतं तरी.
मी: सरांनी पेनाला टोपण लावलं,
पुन्हा काढलं.
अंदाजे दोन सेकंद.

त्याखाली एक ओळ खोडलेली, तरी वाचता येत होती:
सर वाईट नाहीत.
आणि समासात बारीक अक्षरात:
हे दिसलेलं नाही, वाटलेलं आहे.

मी वहीवर सही केली.
गुण किती द्यावेत ते सुचेना,
रकाना तसाच ठेवला.
व्याख्या अजून व्हायची आहे.

परवा हजेरी नावाने घेतली नाही.
रोल नंबर घेतले, एक ते पस्तीस,
पेन उघडंच, मान खाली.

तेही तिने
लिहून ठेवलं असणार.