कथलाचा वाळा

साओ कार्लोस. रात्रीचे अडीच.
रिअॅक्टर दोनशे तीस अंशांवर,
आणि एवारिस्तो शेजारी स्टुलावर
डब्यातले उकडलेले मक्याचे दाणे
एकेक करून खातोय,
काटा हलतोय का ते बघत.

प्लॅटिनमची कुपी कुलपात असते.
किल्ली ज्युसाराच्या गळ्यात,
बाप्तिस्म्याच्या पदकाला लागून.
मिलिग्रॅम काढला तरी वहीत सही.
सांडला, तर पुसलेलं फडकंसुद्धा फेकायचं नाही,
जाळून राख परत करायची.
"याच्यावर हायड्रोजन केला," ती म्हणते,
"तर बसमध्ये बसणार कोण? बिशप?"

म्हणून निकेल.
स्वस्त, राकट, कामाला वाघ.
पण बायोडिझेलच्या कारखान्यातलं ते तपकिरी ग्लिसरीन
(पिंपाला जळक्या साबणाचा वास)
त्याच्या पुढ्यात ओतलं, की
हायड्रोजन सुटतो न सुटतो तोच
धरून कार्बनच्या गळ्यात बांधतं,
मिथेन करून मोकळं होतं.
तीन महिने आलेखावर मिथेनचाच सुळका.
तीन महिने नळीत काजळी,
आणि ती खरवडणारा एवारिस्तो.

तो ओरुरोकडचा. बाप कथलाच्या खाणीत होता.
खाण बंद झाली, बाप खोकत राहिला,
पोरगं सरहद्द ओलांडून इथं आलं.
बैठकांना त्याला बोलावत नाहीत.
एकदा काजळी खरवडताना म्हणाला,
"थोडं कथील घालून बघा. आमच्याकडचं
कशातही मिसळतं, कुरकुर न करता."
ज्युसारा हसली. मग हसायची थांबली.
जुने निबंध काढले तर निकेल-कथील
कुणी कधीच करून ठेवलेलं,
स्वच्छ साखरेवर, स्वच्छ पाण्यात.
आमच्या पिंपातल्या घाणीवर मात्र नव्हतं कुणी केलं.

निकेलच्या कणालाही पायऱ्या असतात, अणूएवढ्या.
खोड्या तिथंच चालतात.
कथील जाऊन नेमकं त्या पायऱ्यांवर बसतं,
आणि निकेल पायरीनं राहायला लागतं.

आज मिथेनचा सुळका बसला.
टेकाड झालं, मग नुसती लाट.
मी मराठीत काहीतरी पुटपुटले.
"काय?" एवारिस्तोनं विचारलं.
मोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगितलं:
नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.
आमच्याकडे हसतात अशा बाईला.
त्यानं दाणा चावला, विचार केला.
"त्या हातानं ती काय काम करायची?"

इतक्या वर्षांत
मला कधी हे विचारावंसं वाटलं नव्हतं.

एक्केचाळिसाव्या तासाला वेग थोडा उतरला.
ग्लिसरीनमधलं मीठ असेल, किंवा
कथीलच सरकलं असेल जागेवरून. माहीत नाही.
ज्युसारा सकाळी येईल, शिव्या घालेल,
पुन्हा पहिल्यापासून मांडेल.
तोवर एवारिस्तोनं नळीचं टोक
साबणाच्या पाण्यात बुडवलं.
एक बुडबुडा सुटला, वर गेला, छताकडे,
कसलाही रंग नसलेलं काहीतरी पोटात घेऊन.
आम्ही दोघं मान वर करून बघत राहिलो.

कथलाच्या मिठाची बरणी
उघड्या फळीवर असते, कॉफीच्या सामानाशेजारी.
कुलूप नाही, सही नाही.
फक्त एक चिठ्ठी, त्याच्या वाकड्या अक्षरात:
ही साखर नव्हे.